लॅन्सिंगला जाण्याआधी शेजारी जा

पत्र

मावशी, नमस्कार.

आम्ही सतरा वर्षं मिशिगनमध्ये आहोत, त्यातली अकरा नोवायमध्ये. मी दोन वर्षांपूर्वी अमेरिकन नागरिक झाले, नवऱ्याचं ग्रीन कार्ड आहे आणि नागरिकत्वाचा अर्ज चालू आहे. मुलगी सोळाची, मुलगा दहाचा.

गेल्या हिवाळ्यात मुलीच्या शाळेत लॉकडाऊन ड्रिल झालं, म्हणजे कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर लपायचं कसं याचा सराव. ड्रिलच आहे हे मुलांना आधी सांगितलं होतं. तरी वर्गातल्या कपाटाआड बसून तिनं मला मेसेज केला, "आई, माझे बूट आवाज करतात." एवढंच. त्यानंतर मी इथल्या बंदूक-सुरक्षेसाठी काम करणाऱ्या आयांच्या गटात जायला लागले. आता घोस्ट गनच्या (घरी जोडलेल्या, नंबर नसलेल्या बंदुकांच्या) बिलावर लॅन्सिंगला, आमच्या राज्याच्या राजधानीत, सेनेटच्या समितीपुढे सुनावणी आहे आणि गटातल्या बायका म्हणतात, तू बोल. मसुदा लिहिलाय, सोबत जोडते आहे.

नवऱ्याला हे अजिबात पसंत नाही. "आपण इथे पाहुणे. पाहुण्यानं यजमानाच्या घरातल्या वस्तूंवर बोलू नये," असं म्हणतो. शिवाय त्याची फाइल अडकेल ही भीती. वर त्यालाच आता पिस्तूल घ्यायचंय! दिवाळीत आमच्या सबडिव्हिजनमधली दोन भारतीय घरं फुटली, दागिने गेले. मंडळातल्या त्याच्या तीन मित्रांनी पिस्तुलं घेतलीत.

शेजारी डेव्ह म्हणून निवृत्त गृहस्थ आहेत. सोन्यासारखा माणूस. बर्फ पडलं की आमचा ड्राइव्हवे आम्ही उठायच्या आत साफ. पण पक्के शिकारी. दर वर्षी हरणाच्या मांसाचे सॉसेज आणून देतात (आम्ही शाकाहारी, हे अकरा वर्षांत सांगायचं धाडस झालेलं नाही). त्यांनी मला गटाच्या त्या लाल टी-शर्टात पाहिलं तर काय वाटेल?

माझं इंग्रजीही ऑफिसपुरतंच. आणि खरं सांगा मावशी, याचा काही उपयोग होतो का? साडी नेसू की टी-शर्ट घालू, हेही सांगा.

वैशाली (नाव बदललं आहे)

उत्तर

वैशाली,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मसुदा चारदा. मसुद्यावर लाल पेन चालवलंय, ते शेवटी सांगते. आधी तुझ्या नवऱ्याचं बोलू.

पाहुण्याचं ते वाक्य मी या देशात चौतीस वर्षं ऐकते आहे. पाहुणा दोन रात्री राहतो, त्याला कपाटातली चांगली चादर मिळते आणि तो घरपट्टी भरत नाही. तुम्ही अकरा वर्षं प्रॉपर्टी टॅक्स भरताय. ज्या कपाटाआड तुझी लेक बसली, त्या कपाटात तुमचेही चार पैसे आहेत. हा मुद्दा माझ्या लेखी निकाली निघाला.

फाइलच्या भीतीची मात्र थट्टा करू नकोस. सध्याचे दिवस असे आहेत की माणूस सावध राहिला तर त्याला भित्रा म्हणायला मी धजणार नाही. तुला नागरिक म्हणून बोलायचा पुरता हक्क आहे. पण समितीपुढे दिलेली साक्ष सार्वजनिक असते, नाव नोंदलं जातं, व्हिडिओ राहतो. हे त्याला आधी सांग, नंतर मित्राकडून कळायला नको. साक्षीत "आम्ही" म्हणू नकोस, "मी" म्हण. त्याचं नाव, त्याची कंपनी, काही घेऊ नकोस. आणि त्याच्या वकिलाला एक फोन करून विचारा. त्याला तुझ्या आणि माझ्या सांगण्यापेक्षा वकिलाच्या सांगण्यानं झोप लागेल.

(इतर वाचकांसाठी, कारण अशी पत्रं बरीच येतात: व्हिसावर असाल तरी आमदाराला फोन करता येतो, पत्र लिहिता येतं, सुनावणीत बोलताही येतं. मतदान करता येत नाही, आणि कुठल्याही उमेदवाराला निवडणुकीसाठी देणगी देता येत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी चालते, मत नाही. आणि एक गोष्ट मंडळाच्या पिकनिकला कुणी सांगत नाही. एच-१बी सारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर फेडरल कायद्यानं बंदूक बाळगायलाच मनाई आहे. रेंजवर भाड्यानं घेऊन चार गोळ्या झाडणंही त्यातच येतं. ते फोटो फेसबुकवर टाकणाऱ्या चिरंजीवांनी नोंद घ्यावी.)

आता पिस्तूल. घरं फुटली हे खरं आहे आणि भारतीय घरं सोन्यासाठी हेरली जातात हेही खरं आहे. डेट्रॉइटच्या फेडरल कोर्टात २०१९ मध्ये अशा एका टोळीच्या म्होरक्या बाईवर गुन्हा शाबीत झाला. भारतीय आणि इतर आशियाई घरं शोधून ती माणसं पाठवायची, मिशिगनसकट चार-पाच राज्यांत. म्हणजे नवरा उगाच घाबरलेला नाही. पण मला एक सांग, तुझ्या घरी आहे किती सोनं? आईच्या पाटल्या, सासूबाईंची ठुशी, मंगळसूत्रं, लेकीसाठी जमवलेलं थोडं. ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेव. मंडळाच्या गणपतीला घालायला आदल्या दिवशी काढून आण. चोराला हवी असलेली वस्तू घरात नसणं हा उपाय मला पिस्तुलापेक्षा स्वस्तही वाटतो आणि खात्रीचाही.

तरी घ्यायचंच ठरलं, तर मिशिगनचा आत्ताचा कायदा दोघांनी मिळून वाचा. घरात अल्पवयीन मूल राहत असेल किंवा येण्याजाण्याची शक्यता असेल, तर जवळ कुणी नसताना बंदूक कुलूपबंद पेटीत हवी, नाहीतर गोळ्या काढून तिला कुलूप लावलेलं हवं. ती मुलाच्या हाती लागली आणि कुणाचा जीव गेला तर ठेवणाऱ्याला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बेडजवळच्या ड्रॉवरमध्ये भरलेलं पिस्तूल कुलपाशिवाय सोडून ठेवायचं, हे चित्र तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात असेल तर दोन मुलांच्या घरात ते बेकायदा आहे.

आणि एक गोष्ट आहे जी आपल्या लोकांत कुणी उच्चारत नाही. अमेरिकेत २०२३ साली बंदुकीनं ४६,७०० हून जास्त माणसं गेली. त्यातल्या सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. टीव्हीवर दिसतात ते शाळा आणि मॉल, पण निम्म्याहून जास्त मृत्यू हे असे आहेत, अनेकदा घराच्या बंद दाराआड. बंदुकीनं केलेला प्रयत्न दहातल्या नऊ वेळा जीव घेऊनच जातो, आणि परत फिरायला जी वेळ मिळायला हवी ती मिळत नाही. तुझी लेक सोळाची आहे. ती हसरी, हुशार, सगळं उत्तम असेल, देव करो तसंच असो. पण आपल्या घरांतून मार्कांचं, कॉलेजचं ओझं कसं असतं ते तुला मी सांगायला नको. कुणाच्याही घरी असं काही जाणवलं तर ९८८ हा फोन नंबर चोवीस तास चालतो, लक्षात ठेव.

माझी एक गोष्ट सांगते, कारण यात मी शहाणी आहे असा तुझा समज व्हायला नको. माझा मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना मित्राकडे राहायला जायचा. मी त्या आईला सगळं विचारायची. कुत्रा आहे का, चावतो का, गाडीत मागे बसवाल ना, रात्री काय खायला देणार. बंदुकीचं मात्र कधी विचारलं नाही. सुचलंच नाही. तो पस्तिशीचा झाल्यावर एकदा जेवताना सहज म्हणाला, "आई, त्याच्या बाबांच्या बेडजवळच्या ड्रॉवरमध्ये पिस्तूल होतं, आम्ही ते हातात घेऊन बघायचो." माझ्या हातातली पोळी ताटातच राहिली. पंचवीस वर्षांनी माझे पाय लटपटले. तेव्हा तुझा दहा वर्षांचा मुलगा कुठे खेळायला जातो तिथे उद्याच विचार. शब्दही साधे ठेव. "तो जरा उचापती आहे, म्हणून विचारते. घरात बंदूक असेल तर कुलपात असते ना?" सगळा दोष आपल्या पोरावर घ्यायचा. समोरच्याला राग येत नाही.

आता तुझा खरा प्रश्न. उपयोग होतो का?

तू नोवायमध्ये राहतेस, मिशिगनमधलं ऑक्सफर्ड गाव तिथून फार लांब नाही. ३० नोव्हेंबर २०२१ ला तिथल्या हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या मुलानं चार मुलांना मारलं. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी, ब्लॅक फ्रायडेला, त्याच्यासाठी घेतलं होतं. घरात ते कुलपात नव्हतं. आणि तेव्हा मिशिगनमध्ये ते कुलपात ठेवा असं सांगणारा कायदाच नव्हता! पुढे २०२४ मध्ये त्याच्या आईला आणि वडिलांना, दोघांनाही, सदोष मनुष्यवधासाठी प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. मुलानं शाळेत केलेल्या अशा हत्याकांडासाठी आईबापांना दोषी ठरवण्याची अमेरिकेतली ती पहिलीच वेळ. पण खटला चार मुलं गेल्यानंतर चालतो. कुलपाचा कायदा आधी कामाला येतो.

गेलेल्या मुलांच्या आईवडिलांनी, शिक्षकांनी, तुझ्यासारख्या बायकांनी लॅन्सिंगच्या चकरा मारल्या. बिलं यायची आणि समितीत बसून राहायची, सुनावणीच लागायची नाही. मग नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत दोन्ही सभागृहांचा ताबा रिपब्लिकनांकडून डेमोक्रॅटांकडे गेला, तोही काठावर: ५६ विरुद्ध ५४ आणि २० विरुद्ध १८. त्यानंतर १३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत गोळीबार झाला. तीन विद्यार्थी गेले, पाच जखमी झाले. त्या कॅम्पसवर ऑक्सफर्डहून शिकायला गेलेली मुलं होती. दोन दिवसांत विद्यार्थी कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर येऊन बसले. १३ एप्रिलला गव्हर्नर व्हिटमर यांनी त्याच युनिव्हर्सिटीत कुलपाच्या आणि सर्व बंदुकांसाठी पार्श्वभूमी-तपासणीच्या कायद्यांवर सही केली. मे महिन्यात तिसरा झाला, ज्याला रेड फ्लॅग म्हणतात. घरातलं माणूस, पूर्वीचा जोडीदार, डॉक्टर, पोलीस, यांपैकी कुणीही कोर्टाला सांगू शकतं की या माणसाकडे सध्या बंदूक असणं धोक्याचं आहे, आणि न्यायाधीशाला पटलं तर वर्षभरासाठी ती काढून घेतली जाते.

वर्तमानपत्रं वाचून वाटतं, दोन महिन्यांत झालं. दोन महिन्यांत झालं कारण मसुदे तयार होते. ते तयार होते कारण कुणीतरी सुनावणीच लागत नव्हती त्या वर्षांतही ते घासूनपुसून ठेवले होते. आणि तरीही दोन-तृतीयांश मतं मिळाली नाहीत, म्हणून कायदे ताबडतोब लागू झाले नाहीत. इथल्या राज्यघटनेप्रमाणे अधिवेशन संपल्यावर नव्वद दिवस थांबावं लागतं. ते दिवस मोजले तर तारीख आली १३ फेब्रुवारी २०२४. बरोब्बर वर्षदिन. असले योगायोग कथेत कुणी लिहिले तर संपादक परत पाठवील.

मी साताऱ्याची, त्यामुळे हे सगळं बघताना मला डॉ. दाभोलकर आठवत राहिले. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अंनिसच्या कार्यकर्त्यांनी किती वर्षं काढली! अधिवेशनामागून अधिवेशनं, मसुदा पातळ होत गेला, कलमं गळली, तरी माणसं सह्या घेत राहिली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वराच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. आठवड्याच्या आत अध्यादेश निघाला, डिसेंबरात नागपूरला कायदा झाला. माणूस गेल्याशिवाय सही होत नाही, या गोष्टीचा मला तेव्हाही संताप आला होता आणि ऑक्सफर्डनंतरही आला. त्या संतापाला माझ्याकडे उत्तर नाही. मसुदा तयार नसता तर अध्यादेशही निघाला नसता, एवढंच मला दिसतं.

तुझ्या बिलाचं काय होईल? खोटी आशा दाखवत नाही. डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या दिवसांत लॅन्सिंगच्या खालच्या सभागृहात गणसंख्याच भरेना, आणि ढीगभर बिलं तशीच मेली. त्यात घोस्ट गनची होती. त्या वर्षीच्या निवडणुकीनं खालचं सभागृह पुन्हा रिपब्लिकनांकडे पलटलं, ५८ विरुद्ध ५२. म्हणजे सेनेटच्या समितीत तू छान बोललीस, टाळ्या मिळाल्या, बिल सेनेटमध्ये पास झालं, तरी पुढे अडकू शकतं. हे माहीत असून जा. नाहीतर घरी येऊन रडशील आणि नवरा म्हणेल, मी सांगितलं होतं.

नोवायच्या सिटी कौन्सिलकडे का जात नाही, असं कुणी विचारेल. १९९० च्या कायद्यानं मिशिगनमधल्या गावांना आणि शहरांना बंदुकीचे स्वतःचे नियम करायला बंदी आहे. नगरपालिका हात वर करते, वॉशिंग्टन तर काय बोलायलाच नको. फेडरल कायद्यातली तपासणी परवानाधारक दुकानदारापुरती, हे १९९३ पासून तसंच आहे. उरतं राज्य. आपल्याला हे नवीन नाही. रोजगार हमी महाराष्ट्रानं सत्तरच्या दशकात केली, दिल्लीला २००५ उजाडलं.

आता डेव्ह.

माझं म्हणणं असं की तू लॅन्सिंगला जायच्या आधी त्यांच्याकडे जा. लाल टी-शर्टात त्यांनी तुला टीव्हीवर पाहावं आणि मग दोघांनी बर्फ काढताना एकमेकांची नजर चुकवावी, याला काही अर्थ नाही. संध्याकाळी जा. बटाटेवडे घेऊन जा, आणि आता त्या सॉसेजचंही सांगून टाक, अकरा वर्षं पुरे झाली. मग सरळ सांग की मी घोस्ट गनच्या बिलावर बोलायला जाणार आहे, तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून आले. आणि एक प्रश्न विचार, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून: तुमच्या रायफली तुम्ही कशा ठेवता?

मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबर म्हणजे काय ते तुला माहीत आहे. वार कुठलाही असो, बंदुकीनं हरणाच्या शिकारीचा हंगाम त्याच दिवशी सुरू होतो. काही गावांत शाळेला सुट्टी असते. लाखो माणसं रानात जातात. आजोबानं नातवाला शिकवलेली पहिली गोष्ट बहुतेक हीच असते, की नळी कुणाकडे रोखायची नाही आणि घरी आल्यावर कपाटाला कुलूप. डेव्ह तुला ते स्टीलचं कपाट उघडून दाखवतील आणि तासभर बोलतील असा माझा अंदाज आहे. त्यांच्या प्रत्येक रायफलीवर कारखान्याचा नंबर कोरलेला असेल. पिस्तूल असेल तर त्यासाठी त्यांनी परवानगी काढली असेल, इथे १९२७ पासून ती लागते.

घोस्ट गनला यातलं काही नसतं. तुकड्यांचा संच मागवायचा किंवा थ्रीडी प्रिंटरवर छापायचे, जोडायचे. नंबर नाही, म्हणजे गुन्ह्यानंतर पोलिसांना माग काढायला धागा नाही. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा संचांवरचा फेडरल नियम ७ विरुद्ध २ नं उचलून धरला. पण तो सरकारी खात्याचा नियम आहे, विधिमंडळानं केलेला कायदा नव्हे, आणि सरकार बदललं की नियम बदलू शकतो. म्हणून राज्याचा कायदा हवा, हे डेव्हना सांग. सगळे नियम पाळून बंदूक घेतलेल्या माणसाला, न पाळता घरी जोडणाऱ्याचा राग येऊ शकतो. येईलच असं नाही. कदाचित ते म्हणतील, आज हे, उद्या माझी रायफल मागाल. तेही ऐकून घे, वाद घालू नकोस. रागावले तर रागावले. बर्फ आपलं आपण काढू, नोवायमध्ये स्नोब्लोअर मिळतो.

प्रत्यक्ष दिवसाचं थोडं. आय-९६ नं तासाभराचा रस्ता आहे, पण दीड तास धर. पोचलीस की साक्षीचं कार्ड भरावं लागतं. त्यावर "बोलायचं आहे" किंवा "बोलायचं नाही, पण पाठिंबा आहे" अशी खूण असते. गटातल्या ज्या बायका घाबरतात त्यांनाही कार्ड भरायला लाव. लेखी निवेदन समितीच्या क्लार्कला आधी ईमेल करून ठेव, कारण चार तास बसूनही नाव पुकारलं जात नाही असं होतं. माझं पहिल्या वेळी तसंच झालं. डबा परत घेऊन आले, तोही न उघडता. एप्रिल २०२० मध्ये लोक बंदुका घेऊन कॅपिटॉलमध्ये शिरले होते, ती चित्रं तुझ्या नवऱ्याच्या डोळ्यापुढे असतील. ऑगस्ट २०२३ पासून त्या इमारतीत सामान्य लोकांना शस्त्रबंदी आहे, दारात तपासणी असते. त्याला सांग.

आणि त्याच दिवसावर सगळं टाकू नकोस. तुझा खालच्या सभागृहातला आमदार साधारण नव्वद हजार माणसांचा असतो. आपल्याकडच्या नगरसेवकासारखाच म्हणायचा. शुक्रवारी-सोमवारी गावात कॉफी अवर घेतो, सात-आठ माणसं असतात, तीही रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलणारी. तिथे दर दोन महिन्यांनी गेलीस तर तो तुला नावानं ओळखेल. बिल अडकणार आहे ते त्याच्या सभागृहात. तो कुठल्याही पक्षाचा असू दे, जाच.

इंग्रजीची चिंता सोड. "व्ह" आणि "व" चा आपला घोळ आहे तसा राहू दे. त्या खुर्चीत बसलेल्यांना दिवसभर सफाईदार इंग्रजी बोलणारे लॉबीवाले भेटतात. त्यांच्यात तुझा आवाज वेगळा पडेल. साडी की टी-शर्ट? तो लाल टी-शर्ट डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुक शाळेतल्या गोळीबारानंतर दुसऱ्याच दिवशी इंडियानातल्या शॅनन वॉट्स या आईनं फेसबुकवर जे सुरू केलं, त्याची खूण आहे. गटाबरोबर घालावासा वाटला तर घाल. साडी नेसलीस तर आत स्वेटर घाल, तिथल्या खोल्या गार असतात. मी असते तर आपला नेहमीचा ऑफिसचा कुर्ता घातला असता, कारण नवीन कपड्यात मला बोलता येत नाही.

मसुदा. पहिली दोन पानं मी काढली. मृतांचे आकडे, बंदूक बाळगायच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती, त्याच हक्कावरचा २००८ चा हेलर निकाल, सगळं गेलं. ते त्यांना पाठ आहे आणि तुझ्यापेक्षा वाईट हेतूनं पाठ आहे. तुला दोन-तीन मिनिटं मिळतील. सुरुवात "माझं नाव अमुक, मी नोवायमध्ये अकरा वर्षं राहते, मला दोन मुलं आहेत" अशी कर. "मी इमिग्रंट असले तरी" हे काढलंय. "तरी" कशाला? मग तिसऱ्या पानावरचं बुटांचं. मग मी घातलेली दोन वाक्यं: कुलपाचा कायदा तुम्ही केलात, तपासणीचा कायदा केलात, त्यासाठी आभार. पण जी बंदूक डब्यातून तुकड्यांनी घरी येते, ती या दोन्ही दारांतून न जाता थेट पोराच्या खोलीत पोचते. डेव्हनी परवानगी दिली तर त्यांच्या कपाटाचं एक वाक्य घाल. परवानगीशिवाय नको.

आणि परवानगीवरून आठवलं. तू लेकीला विचारलंस का? पत्रात कुठे दिसलं नाही. तो मेसेज तिनं कपाटाआडून आईला केलाय. समितीला केलेला नाही. तो एकदा वाचलास की कायमचा नोंदीत जाईल आणि तिच्या वर्गातली मुलं ऐकतील. सोळाव्या वर्षी बूट हा फार मोठा विषय असतो. आधी तिला मसुदा वाचायला दे. ती नको म्हणाली तर बूट राहू दे, त्या दिवशी तू ऑफिसात फोन हातात धरून किती वेळ उभी होतीस ते सांग, तेही पुरेल. कदाचित ती म्हणेल, मीच येते. तसं झालं तर तिच्या नावाचंही कार्ड भर.

ती हो म्हणाली, तर तुझ्या शेवटच्या पानावरचं ते वाक्य, की आता ती शाळेत मऊ तळव्याचे बूट घालते आणि जानेवारीत त्यातून पाय गारठतात, ते अगदी शेवटी ने. त्यापुढचा "म्हणून माझी नम्र विनंती" वाला परिच्छेद मी खोडलाय. बुटांचं वाक्य झालं की "थँक यू" म्हण आणि जागेवर जाऊन बस.

तुझी,
मावशी